बिनजोराचे प्यादे

नागपूरहून अमरावतीला निघालेला रस्ता कोंढाळी मागे टाकतो, कारंजा (घाडगे) ओलांडतो, तळेगावातून जातो आणि वर्धा नदीवर उतरतो. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडशी घोटाळा होऊ नये म्हणून गावाच्या नावामागे कंसात ‘घाडगे’ लावावे लागते. बाहेरच्या माणसाला गावाची ओळख बहुधा तेवढीच. पण नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचे काय झाले याचा हिशेब मांडायचा तर बैठक मारायला हीच जागा सोयीची. पूर्वेला पाऊणशे किलोमीटरवर सीताबर्डीच्या दोन टेकड्या आहेत. पश्चिमेला, नदीपलीकडे वऱ्हाडात, आडगावचे मैदान आणि सातपुड्याच्या कड्यावर गाविलगड. इंग्रजांशी झालेल्या १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि कालपर्यंत राज्याच्या पोटात असलेला हा टापू एकाएकी सरहद्दीवर येऊन पडला. हे का घडले याचे ठरीव उत्तर असे, की भोसल्यांचे पायदळ कच्चे होते. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. कच्चे पायदळ त्या काळी प्रत्येकाच्याच फौजेत होते. त्याला कुठे उभे करायचे आणि त्याच्या पाठीशी काय ठेवायचे, हे ज्याला कळले त्याचे ते पक्के ठरले.

यासाठी शब्द आपल्याकडे तयार आहे, आणि तो रणांगणावरचा नसून पटावरचा आहे. बुद्धिबळात आपण म्हणतो, ‘या प्याद्याला जोर आहे.’ म्हणजे ते मारणाऱ्याला मारायला दुसरे कोणी टपून बसले आहे. प्यादे स्वतः तेच, सर्वांत हलके, जुन्या देशी डावात तर पहिल्या चालीलाही एकच घर सरकणारे. पण शेजारच्या प्याद्याचा तिरपा जोर मिळाला की समोरचा घोडा त्याच्या वाटेला जात नाही. बिनजोराचे प्यादे मात्र सुटे पडलेल्या वासरासारखे, कोणीही यावे आणि न्यावे. त्याच देशी डावात प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची धरली जाई, ती उगीच नव्हे. हत्तीने मात करण्यात कसले आले कसब? आज प्राचीन युद्धांचे डाव टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांनी मांडणारे खेळाडू याच ठिकाणी येऊन पोचलेले दिसतात. फिल बार्कर आणि मंडळींनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले ‘डी बेलिस अँटिक्विटॅटिस’चे नियम घ्या. प्रत्येक बाजूला बारा तुकड्या, झुंज लागली की फासा टाकायचा आणि त्यात तुकडीची ताकद मिळवायची. शत्रूची दुसरी तुकडी बगलेला येऊन भिडली की त्या बेरजेतून एक वजा. हलक्या पायदळाला हा एक आकडा फार महाग पडतो. म्हणून मुरलेला खेळाडू आपल्या भरतीच्या पायदळाची कड झाडीला, टेकडीला किंवा छावणीला टेकवतो आणि त्याच्याकडून विजयाची अपेक्षाच ठेवत नाही. त्याने फक्त जागा अडवायची, वेळ खायचा. तोवर घोडदळ दुसऱ्या टोकाला काम उरकते.

आता आडगाव पाहू. २९ नोव्हेंबर १८०३ ची दुपार कललेली. समोर रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी यांच्या हाताखाली नागपूरचे पायदळ आणि तोफा, सोबत शिंद्यांचे घोडदळ. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज एका खेड्याच्या बाजूने रांग धरू लागली आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी पहिल्या माऱ्यातच उधळल्या आणि मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईतल्या भयंकर माऱ्यात देशी शिपाई उभे राहिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पळापळीचे आश्चर्य वाटते. वेलस्लीने त्यांना तिथल्या तिथे वळवण्याचा हट्ट धरला नाही. गोळ्यांच्या टप्प्याबाहेर नेले, खेड्याच्या आडोशाने पुन्हा रांगा लावल्या, मग पुढे आणले आणि बाकीची फौज येईपर्यंत जमिनीवर आडवे व्हायला सांगितले. अंधार पडायच्या आत लढाई इंग्रजांनी जिंकली आणि भोसल्यांच्या अडतीस तोफा त्यांच्या हाती लागल्या. तासाभरापूर्वी पळालेली माणसे आणि आता रांगेत चालून जाणारी माणसे एकच होती. मधल्या वेळात ना त्यांचे शिक्षण वाढले, ना पगार. बदलली फक्त त्यांची जागा.

आडगावातून निसटलेले भोसल्यांचे नियमित पायदळ बेनीसिंगाच्या हाताखाली गाविलगडात शिरले. कच्च्या पायदळाला तटाइतकी चांगली जागा दुसरी कोणती? तरीही १५ डिसेंबरला गड पडला. उत्तरेच्या अंगाने बाहेरचा तट फोडून इंग्रज आत आले, पण आतल्या किल्ल्याचा तट शाबूत होता. कॅप्टन कँबेलची एक हलकी कंपनी दरी उतरून, समोरचा चढ चढून, शिड्यांनी आत उतरली आणि तिने दरवाजा आतून उघडला. म्हणजे नुसती भिंत हा जोर नव्हे. भिंतीचा जो कोपरा कोणी चढणार नाही असे वाटते तिथेही चार माणसे लागतात, आणि अशा पहाऱ्याला कच्चे शिपाईच पुरतात.

सीताबर्डीला तर सगळा हिशेबच उलटा दिसतो. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूला अठरा हजारांच्या आसपास फौज होती, तीत सुमारे तीन हजार अरब. लेफ्टनंट कर्नल स्कॉटजवळ दोन टेकड्या आणि जेमतेम चौदाशे माणसे. अरब हे त्या काळच्या हिंदुस्थानातले नावाजलेले पायदळ. रात्रभर झुंजून सकाळी त्यांनी धाकटी टेकडी घेतलीही, आणि थोरल्या टेकडीवर मारा सुरू झाला. इंग्रजांची अवस्था बिकट होती. पण घेतलेली टेकडी धरून ठेवायला मागून कोण आले? भोसल्यांचे बाकीचे पायदळ संख्येने अरबांहून जास्त होते, आणि टेकडीच्या पायथ्याला नुसते दाटून उभे राहण्यासाठी शौर्य लागत नाही. ते झाले नाही. कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाच्या तीन तुकड्यांनी मैदानातल्या मराठी घोडदळावर झेप घेऊन तोफा हिसकावल्या, एवढ्यात टेकडीवर अरबांच्या मध्येच दारूगोळ्याचा गाडा उडाला आणि खालून इंग्रजांचे शिपाई संगिनी रोखून चढले. दुपारपर्यंत सारे आटोपले. इंग्रजांकडचे ठार आणि जखमी मिळून ३६७ होते, म्हणजे चारातला एक. इतकी किंमत मोजूनही ते टिकले, कारण एका टेकडीला दुसऱ्या टेकडीचा जोर होता. अरबांना तो नव्हता. बिनजोराचा वजीरसुद्धा शेवटी बिनजोराचाच.

यावर आक्षेप घेणारा म्हणेल, की ईस्ट इंडिया कंपनीच्या कवायती शिपायांना कच्चे म्हणणे हाच शब्दच्छल आहे. आक्षेप बिनतोड वाटतो खरा, पण त्यातूनच मुद्दा पक्का होतो. कवायत शिकलेली, असईच्या फौजेतली पलटण उघड्यावर तोफेखाली सापडली तर तीही तासाभरासाठी कच्ची होते. कच्चेपणा ही जात नव्हे, अवस्था आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आप्पासाहेबांची स्वतःचीच धरसोड चालली होती, फौज आपल्या हुकुमावाचून लढली, असे ते नंतर सांगत होते. जिथे धनीच हात झटकतो तिथे पायदळाच्या मांडणीचा काथ्याकूट कशाला? हे मला अर्धे मान्य आहे. राज्य गेले ते राजकारणाने गेले. पण धनी डळमळीत असताना फौज कशी मोडते याला एक क्रम असतो, आणि सीताबर्डीला तो अगदी स्पष्ट दिसतो: पुढे जायला तयार असणारे पुढे जातात, बाकीच्यांना कोणी काही सांगत नाही.

तिसरा आक्षेप असा, की तोफाबंदुकांच्या लढायांवरून प्राचीन भालाईतांबद्दल काय सिद्ध होणार? तर मग बंदुकीआधीचे उदाहरण घेऊ. इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनीला हॅनिबलने रोमनांसमोर, अगदी मध्यभागी, गॉल आणि स्पॅनिश पायदळ पुढे फुगवून उभे केले. निवडक आफ्रिकी पायदळ दोन्ही बगलांना राखून ठेवले. मधली फळी रेटा खात मागे सरकली, रोमन तिच्या मागोमाग आत शिरले आणि बगला मिटल्या. मागे सरकणे हेच तिचे काम होते. पण पॉलिबियसचे आकडे पाहिले की टेबलावरच्या खेळाडूला न दिसणारी गोष्ट दिसते. त्या दिवशी हॅनिबलचे गॉल मेले चार हजार. स्पॅनिश आणि आफ्रिकी मिळून दीड हजार. हलक्या फळीने ‘वेळ खायचा’ म्हणजे तिने मरायचे. शिसे ओतून केलेला सैनिक डाव संपला की डब्यात जातो, म्हणून पटावर ही मांडणी निर्मळ वाटते. प्रत्यक्षात ज्याला ढिला समजून मध्ये उभे करायचे, त्याच्या मागे राखीव फळी आहे आणि ती वेळेवर येणार आहे, एवढा भरवसा त्याला द्यावाच लागतो. हॅनिबलची ती फळी मोडण्याआधी बगला मिटल्या. सीताबर्डीवर अरबांच्या मागून कोणीच आले नाही.

त्या धाकट्या टेकडीवर रात्रभर उभी राहिलेली इंग्रजांची पलटण मद्रासच्या २४ व्या रेजिमेंटची होती. हा आकडा तिचा मूळचा नव्हे. आधी ती पहिली रेजिमेंट म्हणून ओळखली जाई. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर तिचा नंबर काढून घेतला गेला. अकरा वर्षे बिनभरवशाची म्हणून ती या शेवटच्या आकड्यांत ढकललेली होती. लढाईनंतर तिचा पहिला नंबर तिला परत मिळाला.