बऱ्हाणपूर जिल्हा पोलीस : सेवा, निवास व कल्याण

मध्य प्रदेशातील तापीकाठच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पोलीस कर्मचाऱ्यांची भरती, बढती, घरे आणि सवलती यांची व्यवस्था. 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडवा (पूर्व निमाड) जिल्ह्यातून बऱ्हाणपूर वेगळे झाले आणि येथे स्वतंत्र पोलीस अधीक्षक बसू लागले. वरचे उपमहानिरीक्षक खरगोनला, विभाग इंदूरचा. शहरात कोतवाली, लालबाग, शिकारपुरा व गणपती नाका, तर शहराबाहेर शाहपूर, निंबोला, खकनार व नेपानगर ही मुख्य ठाणी.

सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या रावेरचा शिपाई येथे आरक्षक, हवालदार प्रधान आरक्षक, तर ठाण्याचा प्रमुख सर्वांच्या तोंडी ‘टीआय (टाउन इन्स्पेक्टर) साहेब’. आरक्षकाची निवड राज्य कर्मचारी निवड मंडळ, म्हणजे पूर्वीचे व्यापमं, करते. 2013 मध्ये उघडकीस आलेल्या व्यापमं घोटाळ्यात आरक्षक भरतीही होती. सातव्या वेतन आयोगानुसार आरक्षकाचे मूळ वेतन 19,500 रुपयांपासून सुरू होते.

बढतीची गोष्ट मात्र विचित्र आहे. बहुसंख्य शिपाई शिपाई म्हणूनच निवृत्त होतात, ही तक्रार राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 च्या पहिल्या अहवालातच नोंदवली होती. मध्य प्रदेशात त्यात कोर्टाची भर पडली. 30 एप्रिल 2016 रोजी उच्च न्यायालयाने 2002 चे पदोन्नती नियम आरक्षणाच्या मुद्द्यावर रद्द केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि बढत्या थांबल्या. 2018 मध्ये सरकारने निवृत्तीचे वय 60 वरून 62 केले, त्यामागेही ही कोंडी होती. तोवर समयमान वेतनश्रेणीमुळे 10, 20 व 30 वर्षांच्या टप्प्यांवर पगार वाढत होता, पण बाहीवर फीत चढत नव्हती. 2021 मध्ये ‘कार्यवाहक’ पदे देण्याची तोड निघाली. आरक्षकाच्या बाहीवर प्रधान आरक्षकाच्या तीन फिती आल्या, प्रधान आरक्षकाच्या खांद्यावर सहायक उपनिरीक्षकाचा एक तारा आला. वरच्या पदाचे वेतन किंवा ज्येष्ठता मात्र मिळाली नाही. सरकारचा फायदा उघड आहे : गुन्ह्याचा तपास प्रधान आरक्षकापासून पुढचे करतात, म्हणजे खर्च न वाढवता तपासी हात वाढले. तरी घरच्यांच्या आणि गावाच्या नजरेत त्या ताऱ्याचे मोल कमी नव्हते, हेही मान्य करावे लागते. 2025 मध्ये नवे पदोन्नती नियम आले. तेही उच्च न्यायालयात गेले.

निवासाचा प्रश्न जुना आहे. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त राहिलेले सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील 1902-03 च्या पोलीस आयोगाने शिपायाला किमान आठ रुपये पगार आणि मोफत घर द्यावे असे सुचवले होते. बऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. महाराष्ट्राने पोलीस गृहनिर्माणासाठी 1974 मध्ये महामंडळ काढले, मध्य प्रदेशाने 1981 मध्ये. पुढे मुख्यमंत्री पोलीस आवास योजनेत हुडकोच्या कर्जातून राज्यभर 25,000 घरांचे उद्दिष्ट ठरले. जिल्ह्यात पोलीस लाइन रक्षित निरीक्षकाच्या ताब्यात असते. ‘लाइन हाजिर’ होणे, म्हणजे ठाण्यावरून काढून लाइनीत बसवले जाणे, ही शिक्षा, पण लाइनीत क्वार्टर मिळणे ही नशिबाची गोष्ट! शहरात भाड्याची खोली तरी सापडते. खकनारसारख्या ठाण्यावर बदली झाली की बायको-मुले शाळेपायी मागेच राहतात. ठाण्यालगत घर असणे ही नुसती सोयही नाही. एप्रिल 2023 मध्ये जंगल अतिक्रमणाच्या प्रकरणातील आरोपी सोडवण्यासाठी जमावाने रात्री नेपानगर ठाण्यावर हल्ला केला, आरोपी पळवून नेले आणि पोलीस जखमी झाले. अशा रात्री कुमक किती लवकर येते, हे ती जवळ राहते की नाही यावर ठरते.

उपचारांसाठी पोलीस स्वास्थ्य सुरक्षा योजना आहे; तिच्यासाठी कर्मचाऱ्यांच्या पगारातून वर्गणी कापली जाते. महाराष्ट्रात न दिसणारी तरतूद म्हणजे ‘बाल आरक्षक’. सेवेत मृत्यू पावलेल्या पोलिसाच्या अल्पवयीन मुलाला या पदावर घेतात. तो शाळा शिकत राहतो, आंशिक वेतन मिळते आणि 18 वर्षांचा झाल्यावर पात्रता पाहून आरक्षक होतो. घराला मिळकत राहते, पण मुलाचा पेशा शाळकरी वयातच बहुधा ठरून जातो.

साप्ताहिक सुट्टीचा आदेश जानेवारी 2019 मध्ये निघाला. तो फार टिकला नाही आणि 2023 मध्ये तीच घोषणा पुन्हा करावी लागली. गणेशोत्सव, मोहरम आणि दर्गा-ए-हकीमीला येणारे बोहरा यात्रेकरू अशा बंदोबस्ताच्या दिवसांत रजेचे अर्ज ठाण्यातच पडून राहतात.