बार्शी लाइट रेल्वेची इंजिने : देखभालीच्या इतिहासाचा विचार

उजनी धरण १९८० मध्ये पूर्णत्वास गेले; परंतु माढा तालुक्याच्या या टापूस यंत्रविद्येचा परिचय त्यापूर्वी आठ दशके झालेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या योजनेनुसार कुर्डुवाडी-बार्शी हा अडीच फुटी लोहमार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे त्याच्या शाखा १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर व १९२७ मध्ये मिरज येथे पोहोचल्या.

कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, हा या रेल्वेचा दंडक होता. म्हणूनच लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेल्या आरंभीच्या इंजिनांस आठ जोडचाके होती. चार आसांवर वीस टन विभागल्याने हलके रूळ सुरक्षित राहत आणि पुरेशी ओढही मिळे.

मात्र हे संतुलन एकदा साधले म्हणून कायम टिकणारे नव्हते. एखादी कमान सैल पडली की तिचा भार शेजारच्या आसावर जाई; धावा विषम झिजल्या तरी तोच परिणाम होई. अर्थात आराखडाकाराचा दंडक प्रत्यक्षात पाळला जाई तो दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हातून.

ही रेल्वे १९५४ मध्ये सरकारकडे आली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला. जुने इंजिन प्रदर्शनार्थ उभे केल्याने त्याचा आकार टिकतो, त्याची देखभालविद्या नव्हे. तात्पर्य, रेल्वेच्या इतिहासात बांधणीइतकेच दुरुस्तीलाही स्थान देणे अगत्याचे आहे.