मनगटावरची बोटे

वैद्य नाडी म्हणत, हकीम नब्ज म्हणत. बोटे मात्र दोघांचीही रुग्णाच्या मनगटावरच टेकायची. त्यासाठी एकाने दुसऱ्याच्या दारी जाणे भाग होते. हे अंतर ओलांडण्याचा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

डच संशोधक विलेम आइंटहोवेन यांचे हृदयाचा आलेख काढणारे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णालयात हलवणे अशक्यच. तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या तारेचा आधार घेतला. १९०५ मध्ये लायडेनच्या रुग्णालयातल्या हृदयाची स्पंदने दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत उमटली. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन हॉल्टर यांनी ती तारही काढून टाकली. पण पाठीवर अडतीस किलोंचे धूड आले.

जपानचे ताकुओ आओयागी वेगळेच काही मोजत होते. नाडीच्या ठोक्यांनी त्यांच्या मोजमापात सारखा व्यत्यय यायचा. त्या व्यत्ययातूनच १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जन्मली. बोटातून प्रकाश सोडायचा आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि त्यांचे यंत्र घरोघरी फिरू लागले. आमच्या पिंपळे गुरवमध्ये शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्याही त्या दिवसांत 'माझं सत्त्याण्णव आलं' असे सांगू लागल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक गोष्ट दाखवून दिली. प्राणवायूची छुपी कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा या यंत्राच्या नजरेतून निसटत होती. आपल्यासारख्या सावळ्या मुलखाने हे विसरू नये.

२०११ मध्ये जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीसारखी ताणली जाणारी, गोंदणासारखी अंगावर चिकटणारी विद्युतपट्टी तयार केली. आता छातीवर लावून घरच्या घरी हृदयाचे ठोके टिपणाऱ्या पट्ट्या मिळतात. मुले चाकण-भोसरीला पाळीवर गेली की घरात मागे एकटे उरणाऱ्या आई-वडिलांना त्यांचा आधार वाटेल. पण पट्टी कोणत्या रंगाच्या कातडीवर पारखली, तिची किंमत कोणाला परवडेल आणि मध्यरात्री तिने दिलेली हाक कोण ऐकेल, हे प्रश्न यंत्र सोडवणार नाही. आइंटहोवेन यांच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसलेला होता. तो आजही तिथे हवा.