म्हशीचं हाड

आपल्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, गंधकाच्या बरणीशेजारी, एक तांबूस दगड असायचा. माझ्या बॅचच्या अनेकांना तो आठवत असेल. आठवीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राने तो आपल्याच वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतातून दप्तरात घालून आणला होता. "हे हाड आहे," तो म्हणाला. वर्गात पहिला येणारा मी. "म्हशीचं असेल," म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर गाव, तारीख आणि त्याचं नाव लिहून ती दगडाला चिकटवली. नववीत तो शाळेत आला नाही.

गेल्या वर्षी संमेलनाच्या तयारीत कपाटं आवरताना तो दगड पुन्हा हाती आला. मी तो नागपूरच्या एका निवृत्त भूवैज्ञानिकांना दाखवला. त्यांनी तुटलेली कड भिंगाखाली धरली. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं होती. लाकडाचा दगड झाला असता, तर आत रेषा दिसल्या असत्या. मग त्यांनी झिजलेल्या दोन्ही बाजूंवरून माझं बोट फिरवलं. एक बाजू वाटीसारखी खोल होती, तर दुसरी चेंडूसारखी फुगीर. "शेपटीचा मणका. सॉरोपॉड डायनोसोरचा. जात सांगता येणार नाही, फार झिजलाय."

घरी येऊन मी वाचत बसलो. अशाच मणक्यांची एक जुनी गोष्ट जबलपूरची आहे. १८२८मध्ये कॅप्टन स्लीमन यांना (ठगांचा बंदोबस्त करणारे तेच) तिथल्या बारा सिमला टेकडीजवळ दगड झालेली हाडं सापडली. स्लीमन काही शास्त्रज्ञ नव्हते, हौशी संग्राहक होते. त्यातले दोन मणके डॉ. स्पिल्सबरी यांच्यामार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या प्रिन्सेपना या हाडांचा उलगडा झाला नाही. होणार तरी कसा? 'डायनोसोर' हा शब्दच रिचर्ड ओवेन यांनी १८४२मध्ये घडवला. पुढे ह्यू फाल्कनर यांनी हे मणके सरपटणाऱ्या प्राण्याचे असल्याचं ओळखलं आणि १८७७मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत ४९ वर्षं गेली! दोनच वर्षांनी, १८७९मध्ये, लायडेकर यांनी त्याच वंशातली दुसरी जात नोंदवली, ती आपल्या पिसदुऱ्याच्या मणक्यावरून.

पुढची गंमत अशी की, जबलपूरचा मूळ मणका नंतर हरवला. २०१२मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच पुन्हा सापडला. दरम्यान २००३मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं, की वाटी-चेंडूची ती खूण अनेक जातींमध्ये आढळते. म्हणून एका जातीचं नाव म्हणून 'टायटॅनोसॉरस' आता टिकत नाही. टायटॅनोसॉर हे कूळ मात्र जगभर मानलं जातं. आमच्या भूवैज्ञानिकांनी जात सांगायला नकार का दिला, ते तेव्हा कळलं.

पिसदुऱ्याने आणखीही काही दिलं आहे. तिथे सापडलेल्या डायनोसोरच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. डायनोसोरच्या काळात गवत होतं, हे २००५मध्ये त्यावरून जगाला कळलं.

वाचताना एक गोष्ट मनाला लागली. हाड कितीही झिजलेलं असो, ते कुठे आणि कोणाला सापडलं याची नोंद असेल, तर त्याला इतिहास असतो. नोंद गेली की उरतो तो नुसता दगड. सरांनी ती चिठ्ठी लिहिली नसती, तर माझ्या म्हशीच्या विनोदावरच सगळं संपलं असतं.

आपली संमेलनाची यादी दहावीच्या निकालपत्रकावरून केलेली, म्हणून तिच्यात त्याचं नाव नव्हतं. चिठ्ठीवर होतं. मी पिसदुऱ्याला गेलो. तो कापसाच्या शेतात होता. मी सगळं सांगितलं, माफीही मागितली. तो हसला. "मी तं तवाच सांगितलं होतं," एवढंच म्हणाला.

मणका आता कपाटात नव्या पाटीसह ठेवला आहे. जातीची जागा कोरी आहे. 'शोधणारा' या शब्दापुढे त्याचं पूर्ण नाव आहे. संमेलनाला तो येणार आहे. त्याच्यासाठी माझ्या शेजारची जागा राखून ठेवा.