लगाम सैल सोडण्याची विद्या

मराठीत घोडा शिकवून तयार करणाऱ्याला चाबुकस्वार म्हणतात. शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे चाबूक येतो आणि घोडा शिकवायचा म्हणजे आधी त्याची रग जिरवायची, असे आपण धरून चालतो. मूळ फारसीत मात्र ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तल्लख. चाबुकस्वार म्हणजे कसलेला, चलाख स्वार. कौशल्याचे नाव पुढे हत्याराला चिकटले आणि लोकांच्या ध्यानात तेवढे हत्यारच राहिले. युरोपातील घोडेस्वारीच्या लिखित इतिहासाची कथाही याच वळणाची आहे. घोड्याला मायेने शिकवणे हे आजच्या हळव्या काळाचे फॅड आहे, असे पुष्कळांना वाटते. पुरावा या समजाच्या उलट आहे. ही रीत चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रंथात लिहून ठेवलेली आहे. ती अनेकदा विसरली गेली आणि दर वेळी कुणाला तरी नव्याने शोधावी लागली. माहीत असलेली गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा का विसरतो, याचे उत्तर या इतिहासात सापडते. ते सापडल्यावाचून आजचा बदलही टिकणार नाही.

झेनोफन हा अथेन्सचा सरदार, सॉक्रेटिसचा शिष्य आणि घोडदळात हयात घालवलेला सैनिक. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात त्याने अश्वविद्येवर जो छोटा ग्रंथ लिहिला, तो या विषयावरचा आज पूर्ण स्वरूपात हाती असलेला सर्वांत जुना ग्रीक ग्रंथ आहे. शिंगराला माणसाची ओढ कशी लावावी, इथपासून तो सुरुवात करतो. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटेपणात व्हावा. दाणा, पाणी आणि त्रासातून सुटका माणसाच्या हातून मिळावी, म्हणजे शिंगरू आपणहून माणसाजवळ येईल, असे तो सांगतो. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नये, हा त्याचा पहिला नियम. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारून पुढे ढकलण्यास त्याचा विरोध आहे, आणि त्याने दिलेले कारण आजच्या मानसशास्त्रालाही मान्य होईल असे आहे. मार बसला की ती वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे घोड्याला वाटते आणि भीती दुणावते. म्हणून स्वाराने आधी स्वतः त्या वस्तूला हात लावावा आणि मग घोड्याला हळूच जवळ न्यावे. जबरदस्तीने करून घेतलेली हालचाल घोड्याला समजलेली नसते आणि ती देखणीही दिसत नाही, असे त्याचे मत होते. यात दयेचा उपदेश फारसा नाही. रणांगणावर ज्याचा जीव घोड्यावर अवलंबून होता, अशा माणसाचा हा व्यवहार आहे.

आता एकदम सोळाव्या शतकातल्या नेपल्सकडे वळू. १५५० मध्ये फेदेरिको ग्रिसोने या उमरावाचा अश्वशिक्षणावरील ग्रंथ तिथे छापला गेला. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, इतर भाषांत भाषांतरे झाली आणि युरोपभरच्या सरदारांच्या पागांमध्ये तो प्रमाण मानला गेला. घोड्याने ऐकले की त्याला थोपटावे, असे ग्रिसोनेही लिहितो. पण अडून बसणाऱ्या घोड्यासाठी त्याने दिलेले उपाय वाचताना अंगावर काटा येतो. दोन कानांच्या मध्ये काठीचे तडाखे, मागून पेटते गवत, लांब काठीच्या टोकाला उलटी बांधलेली चवताळलेली मांजर. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की झेनोफनचा ग्रंथ तोवर इटलीत छापून झालेला होता. ज्ञान उपलब्ध होते, तरीही त्यामुळे घोड्याचा मार चुकला नाही. ग्रिसोनेला क्रूर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या जगात घोडा म्हणजे स्वाराच्या सत्तेचे प्रदर्शन होते, तिथे त्याचे अडून बसणे हा बंडखोरीचा गुन्हा ठरत होता, आणि गुन्ह्याला शिक्षाच दिली जाते. घोडा अडला तर तो घाबरला आहे का, त्याचे कुठे दुखते आहे का, त्याला काय हवे ते कळलेच नाही का, हे प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हते.

ते प्रश्न आंत्वान द प्लुव्हिनेल याने पुन्हा विचारले. तो तरुणपणी इटलीत शिकला, १५९४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये उमरावांच्या मुलांसाठी अकादमी काढली आणि पुढे तेरावा लुई या राजाला घोडेस्वारी शिकवली. त्याच्या मृत्यूनंतर १६२३ व १६२५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ राजाशी चाललेल्या संवादाच्या रूपात आहे. प्रत्येक घोड्याचा स्वभाव वेगळा असतो, त्याच्या अंगाइतकीच बुद्धी शिकवावी लागते, आणि शिक्षेत काटकसर व कौतुकात सढळपणा असावा, हा त्याचा आग्रह. शंभर वर्षांनी फ्रांस्वा रोबिशाँ द ला गेरिनिएर याने १७३३ च्या आपल्या ग्रंथात याच विचाराला शास्त्राची शिस्त दिली. घोड्याचे खांदे किंचित आत वळवून त्याला तिरके चालवायचे, म्हणजे त्याचे अंग लवचीक होते आणि मागचे पाय भार उचलायला शिकतात. हा त्याने मांडलेला व्यायाम आजही जगभर शिकवला जातो. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल गेरिनिएरलाच आपला आधार मानते. घोडा ऐकत नसेल तर त्याच्या शरीराची तयारी कमी पडते आहे, हे त्याने दाखवले. दोषाचा रोख घोड्यावरून शिकवणाऱ्याकडे वळला.

तरीही हा बदल सरळ रेषेत पुढे गेला नाही. प्लुव्हिनेल आणि गेरिनिएर यांच्या मधल्याच काळात, १६६७ मध्ये, न्यूकॅसलचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश लिहीत होता की माणूस काय आणि पशू काय, आज्ञा पाळतो तो भीतीने. प्रेमाने फारसे साधत नाही. हाच माणूस घोड्याला स्मृती आणि विचारशक्ती असते असे ठामपणे मानत होता. पुढे नेपोलियनच्या युद्धांत घोडे लाखांनी लागले आणि लाखांनी मेले. उद्याच्या लढाईसाठी आज घोडा हवा असताना वर्षानुवर्षे चालणारे शिक्षण कोण देणार? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांवरही तेच झाले. घोडे स्वस्त आणि मुबलक होते, ते वठणीवर आणणाऱ्याला घोड्यामागे ठरावीक पैसे मिळत, आणि जितक्या लवकर घोडा हार मानेल तितकी कमाई जास्त. ही उदाहरणे शेजारी ठेवली की उत्तर दिसू लागते. घोडा मोलाचा आणि वेळ हाताशी असतो तेव्हा सौम्य रीत फुलते. घोडा स्वस्त आणि वेळ महाग झाला की चाबूक परत येतो. मारझोडीचा लाभ लगेच मिळतो आणि तो मारणाऱ्यालाच मिळतो. तिची किंमत पुढे कधीतरी चुकवावी लागते. ती चुकवतो घोडा, किंवा त्या बिथरलेल्या घोड्यावर नंतर बसणारा दुसराच कुणी.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा असतो. चारपाचशे किलो वजनाचे जनावर धाकाशिवाय आवरणार कसे? आक्षेप खरा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. घोड्याच्या एका लाथेने माणूस दगावू शकतो. पण या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. एवढ्या वजनाचे जनावर माणसाच्या मनगटाच्या जोरावर कधीच आवरले जात नाही. ते आवरते कारण ते खुणा समजून घेते, आणि त्या समजण्याची सूक्ष्मता केवढी असते याचा पुरावा विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये मिळाला. फोन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा खुराने ठोके देऊन गणिते सोडवतो, अशी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने कसोशीने प्रयोग करून १९०७ मध्ये दाखवून दिले की हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची त्याच्याही नकळत जी पुसटशी हालचाल होई, ती पाहून घोडा थांबत होता. माणसाला स्वतःचीच न जाणवणारी हालचाल जो टिपतो, त्याला समजावण्यासाठी लोखंडाची गरज पडावी, हे शिकवणाऱ्याचे अपयश आहे. लगामाचे कडियाळे, म्हणजे तोंडातली लोखंडी दांडी, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या उघड्या हिरडीवर टेकते, आणि हिरडीच्या पातळ थराखाली लगेच जबड्याचे हाड असते. वेदनेने घोडा थांबतो तसा उधळतोही. धाकावरच्या सुरक्षिततेचा पाया असा कच्चा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्यांना सौम्य म्हणून गौरवायचे, ते तरी कुठे निर्मळ होते? झेनोफनने खरबरीत, टोचणारे कडियाळे आधी वापरून मग गुळगुळीत वापरण्याचा सल्ला दिला. प्लुव्हिनेल घोड्याला खांबांमध्ये बांधून शिकवत असे आणि हाती चाबूक असे. जॉन सॉलोमन रेअरी या ओहायोच्या माणसाने १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीपुढे प्रयोग केले. तोंडाला लोखंडी जाळी बांधून ठेवावा लागणारा क्रूझर हा खुनशी घोडा त्याने काही तासांत माणसाळवला. त्याची पद्धत मायेची म्हणून गाजली. पण तिचे मर्म असे की घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने वर बांधायचा, तो थकून आडवा झाला की मग त्याला गोंजारायचे. पळून जगणाऱ्या जनावराला पळणे अशक्य झाले की ते निमूट होते, आणि निमूटपणा म्हणजे विश्वास नव्हे. हा आक्षेप मान्यच करायला हवा. त्यातून एवढेच निघते की सौम्यपणा हे एकदा मिळवून भिंतीवर टांगायचे प्रशस्तिपत्र होऊ शकत नाही. प्रत्येक पिढीने तो पुन्हा तपासायचा असतो. तपासायची कसोटीही साधी आहे. घोड्याला नाही म्हणता येते का, आणि त्याने बरोबर केले की दाब त्याच क्षणी सुटतो का? लगाम ओढणे कुणालाही जमते. तो नेमक्या क्षणी सैल सोडणे ही खरी विद्या आहे, कारण घोडा शिकतो तो त्या सुटकेतून.

तिसरा आक्षेप वेळेचा. सौम्य रीत हा निवांत लोकांचा छंद आहे, कामाच्या घोड्याला ती परवडत नाही, असे म्हटले जाते. याला इटलीच्या घोडदळाने उत्तर दिले आहे. फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) हा सैन्यातला अधिकारी. अडथळ्यावरून उडी घेताना स्वार तेव्हा मागे रेलून लगाम ओढून धरत. दर उडीला घोड्याच्या तोंडाला हिसका आणि पाठीला दणका बसे. काप्रिल्लीने मोकळ्या घोड्याची उडी बारकाईने पाहिली आणि स्वारालाच बदलायला लावले. स्वाराने पुढे झुकावे, घोड्याच्या मानेला मोकळीक द्यावी, त्याचा तोल त्याला सांभाळू द्यावा. पिनेरोलोच्या घोडदळ शाळेत ही पद्धत रुजली, परदेशी अधिकारी ती शिकायला येऊ लागले, आणि आज जगभर उडी घेणारा प्रत्येक स्वार मूलतः तीच बैठक घेतो. आधी घोडे उडी नाकारत, कारण उडीला वेदना जोडलेली होती. वेदना गेली तशी शिकवणीही आखूड झाली. घोड्याला काम उरले नव्हते अशा निवांत काळात हे घडलेले नाही. सैन्याने ते सैन्याच्या गरजेपोटी स्वीकारले.

मग हे टिकत का नाही? कारण ते बहुतेक वेळा एकेका गुणी माणसाच्या हातात राहिले. टिकाऊ बदल झाला तो ज्ञानाला नियमाची जोड मिळाली तेव्हा. १८२२ मध्ये ब्रिटिश संसदेने गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला. १८७७ मध्ये अॅना स्यूअलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीने गाडीच्या घोड्याची मान जबरीने वर बांधून ठेवणाऱ्या लगामाविरुद्ध लोकमत उभे केले. नियमाची गरज आजही संपलेली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पेंटॅथ्लॉनच्या एका प्रशिक्षकाला अडलेल्या घोड्याला बुक्का मारल्याबद्दल बाहेर काढण्यात आले आणि पुढे त्या खेळातून घोडेस्वारीच वगळली गेली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिन या घोडेस्वार महिलेला घोड्याच्या पायांवर चाबूक मारल्याच्या चित्रफितीमुळे माघार घ्यावी लागली. गेरिनिएरची विद्या कोळून प्यायलेल्या क्षेत्रातही पदकाची घाई झाली की चाबूक परत येतो.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. आपल्या जुन्या अश्वशास्त्रानेही चाबूक कोणत्या दोषासाठी आणि कुठे वापरावा याची मर्यादा घातली होती, आणि भलत्या जागी मारल्याने घोड्यात नवे दोष निर्माण होतात असे बजावले होते. आज सारंगखेड्याच्या बाजारात घोडे नाचवले जातात, माथेरानच्या चढावर घोडे माणसे वाहतात, लग्नाच्या वरातीत बँडच्या आवाजात आणि फटाक्यांच्या धुरात घोडा उभा केला जातो. घोडेवाल्यांचे पोट त्यावर आहे, आणि त्यांना कमी भाड्यात, कमी वेळात, दिव्यांच्या झगमगाटात न बुजणारा घोडा आपणच मागतो. घाई आपली असते, टोचणी घोड्याच्या तोंडात असते. काटे असलेले कडियाळे वापरणे भारतात १९६५ च्या नियमांनी बेकायदा ठरवलेले आहे. म्हणून वरातीसाठी घोडा ठरवताना भाड्याची घासाघीस करण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहावे, कडियाळे गुळगुळीत आहे का ते विचारावे, आणि ज्याचे उत्तर नीट येईल त्याला चार पैसे जास्त द्यावेत.