ॲपालॅचियन ॲस्प्लेनियम नेचे
अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपालॅचियन पर्वतरांगांत खडकांच्या फटींत वाढणारा नेच्यांचा संकरसमूह. मूळ जाती तीनच : ॲ. मोंटॅनम, ॲ. प्लॅटिन्यूरॉन आणि लांब टोकाच्या अखंड पानांची ॲ. रायझोफायलम. पहिली व दुसरी यांच्या संकरातून ॲ. ब्रॅडलीआय, पहिली व तिसरी यांच्यापासून ॲ. पिनॅटिफिडम, तर दुसरी व तिसरी यांच्यापासून ॲ. एबेनॉयडीस. मार्गारेट स्लॉसन यांनी शेवटचा संकर प्रयोगाने घडवून त्याचे जनक १९०२ मध्ये सिद्ध केले. 

प्रत्येक मूळ जातीत ७२ गुणसूत्रे असतात. साध्या संकरात दोन जनकांची गुणसूत्रे नीट जोड्या लावत नाहीत; म्हणून बीजुके निकामी होतात. गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे १४४ झाली की वंध्यत्व जाते. ब्रॅडलीआय व पिनॅटिफिडम अशाच जननक्षम जाती आहेत. एबेनॉयडीस मात्र बहुतेक ठिकाणी वंध्य असून, अलाबामातील हवाना ग्लेन येथील त्याची जननक्षम वस्ती प्रसिद्ध आहे. वॉरेन वॅग्नर यांनी १९५४ मध्ये या जाती व संकरांमधील नाते जाळीच्या रूपात मांडले. १९८५ मध्ये विकरांच्या तुलनेने त्याला दुजोरा मिळाला.