सामायिक स्प्रेडशीटचे नक्कल-संरक्षण (न्हावा शेवा)

अनेकांनी मिळून वापरायच्या स्प्रेडशीटमधील नोंदी, सूत्रे किंवा सबंध फाइल यांची परवानगीवाचून नक्कल होऊ नये, यासाठी केलेली तांत्रिक, कार्यालयीन व कायदेशीर व्यवस्था. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील आयात-निर्यात व्यवहारात तिला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे एकाच कंटेनरची माहिती अनेक स्वतंत्र कंपन्यांच्या हाती असते.

पार्श्वभूमी : न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. बिल ऑफ एंट्री व शिपिंग बिल ही अधिकृत कागदपत्रे सीमाशुल्क विभागाच्या ‘आइसगेट’ प्रणालीवर दाखल होतात. रोजचा पाठपुरावा मात्र बहुधा एक्सेल किंवा गूगल शीटवर चालतो. आयातदाराच्या वतीने सीमाशुल्काचे काम पाहणारा कस्टम हाउस एजंट (सीएचए) त्याला जो ‘डेली स्टेटस रिपोर्ट’ म्हणजे डीएसआर पाठवतो, त्यात कंटेनर क्रमांक, जहाजाचे नाव, बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक, ड्यूटी भरल्याची तारीख, डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन) आणि फ्री डेज (विनाशुल्क मुदतीचे दिवस) असे रकाने असतात. आयातदार, फॉरवर्डर, ट्रान्सपोर्टर आणि सीएफएसचा कारकून हे सारे यांतले काही ना काही पाहतात. प्रत्येकाला लागणारे रकाने वेगळे. शीट मात्र अनेकदा एकच.

माहितीचे मोल : पुरवठादाराचे नाव, इन्व्हॉइसची किंमत, मालाचे वर्गीकरण आणि परिमाण एकाच ओळीत आले की आयातदाराचा खरेदीदर प्रतिस्पर्ध्याला कळतो. कंटेनर व सील क्रमांक आणि उचलण्याची वेळ एकत्र मिळाली तर मालाच्या सुरक्षिततेलाच धोका पोहोचतो. बेल्जियममधील अँटवर्प बंदरात २०११ पासून अमली पदार्थांच्या तस्करांनी संगणकप्रणालींत शिरून कंटेनरची जागा व सुटकेचे तपशील मिळवले होते. हे प्रकरण २०१३ मध्ये उघड झाले. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ सायबर हल्ल्याने न्हावा शेवातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम ठप्प झाले, तेव्हा नुकसान तत्काळ दिसले. नक्कल झालेल्या शीटचे तसे नसते. मूळ फाइल जागेवरच राहते आणि मालकाला बराच काळ काही कळत नाही.

तांत्रिक उपाय : एक्सेलमध्ये दोन वेगळ्या सोयी आहेत. फाइल उघडण्यासाठी लावलेल्या पासवर्डमुळे ती खरोखर कूटबद्ध होते. ‘प्रोटेक्ट शीट’ फक्त चुकून होणारे बदल थोपवते. एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचा संच असल्याने, फाइल कूटबद्ध नसेल तर हे कुलूप काढून टाकता येते. गूगल शीटमध्ये मालकाला ‘व्ह्यूअर’ व ‘कमेंटर’ यांच्यासाठी डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येते. एडिटरला ही बंदी सहसा लागू पडत नाही, म्हणून केवळ स्थिती पाहायची असलेल्याला एडिटर करू नये. राखीव रेंज आणि लपवलेले रकाने हे गुप्ततेचे उपाय नव्हेत. नक्कल केलेल्या फाइलमध्ये लपवलेला रकाना पुन्हा उघडतो. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी मुभा दिली, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे गेलेली लिंकच किल्ली ठरते.

मर्यादा : पडद्यावर दिसते त्याचा स्क्रीनशॉट किंवा मोबाइलने फोटो घेता येतो आणि आकडे हातानेही उतरवता येतात. त्यामुळे पाहण्याची मुभा देऊन नक्कल पूर्णपणे अशक्य करणारा उपाय नाही. खरे संरक्षण कोणाला काय दाखवायचे, हे आधी ठरवण्यात आहे.

कार्यपद्धती : मूळ शीट सीएचएच्या कार्यालयातच ठेवून प्रत्येक पक्षासाठी वेगळी शीट करणे, ही सर्वांत भरवशाची रीत होय. ट्रान्सपोर्टरच्या शीटमध्ये कंटेनर क्रमांक, उचलण्याचे ठिकाण आणि वेळ पुरेशी असते; इन्व्हॉइसच्या किमतीचे त्याला काम नसते. एका आयातदाराला दुसऱ्याची ओळ दिसता कामा नये. गूगल शीटमधील ‘इम्पोर्टरेंज’ सूत्राने मूळ शीटमधील निवडक रकाने आपोआप दुसऱ्या शीटमध्ये येतात. मात्र एकदा जोडणीला परवानगी मिळाली की त्या दुसऱ्या शीटचा कोणताही एडिटर मूळ शीटच्या इतर भागांतूनही माहिती ओढू शकतो. म्हणून समोरच्या पक्षाला तेथे केवळ पाहण्याचा हक्क द्यावा. नोकरी सोडणाऱ्याची मुभा त्याच दिवशी काढावी. व्हर्जन हिस्टरीत बदल नोंदले जातात, नक्कल नोंदली जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३(ब) नुसार परवानगीवाचून माहिती डाउनलोड करणे, तिची नक्कल करणे किंवा ती काढून घेणे भरपाईस पात्र आहे, तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ खाली गुन्हा होतो. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये २०२२ साली घातलेले कलम १३५एए बंदरातील डीएसआरशी अधिक निकटचे आहे. आयात-निर्यात मालाचे मूल्य, वर्गीकरण, परिमाण किंवा आयातदार-निर्यातदाराचा तपशील कायद्याने आवश्यक नसताना आणि त्यांची परवानगी नसताना प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणकीय माहितीसंचही येतो. बर्लिंग्टन होम शॉपिंग खटल्यात १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कष्टाने जुळवलेल्या ग्राहकयादीला या कायद्याचे संरक्षण मान्य केले.

महत्त्व : दाद मागायची तर ती शीट कोणासाठी होती आणि कोणाला कोणती मुभा दिली होती, हे दाखवता यावे लागते. नावानिशी दिलेली मुभा आणि विभागलेली शीट हे पुरावे रोजच्या कामातूनच तयार होतात. त्यांसाठी महागडी प्रणाली लागत नाही, म्हणून दोन-चार माणसांच्या सीएचए कार्यालयालाही आयातदाराने टाकलेला विश्वास राखता येतो.